लायकेनॉप्सची पायरी

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

आलं! जोहान्सबर्गचं आलं!

मी भेंडी चिरत होते. कीर्तना फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली आणि एका दमात सगळं इंग्रजीत वाचून दाखवलं. तीन वर्षं. पगार देणार, राहायला खोली देणार. काम काय — तर तिथल्या संग्रहातल्या लायकेनॉप्सच्या कवट्या तपासायच्या आणि मोजायच्या. एकुलत्या एका मुलीला इतकी वर्षं शिकवलं, आणि तिला आफ्रिकेत कवट्या मोजायला बोलावलंय. शेजारच्या कामाक्षी मामींना हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

हे ओसरीवरून ओरडले, "कधींपर्यंत कळवायचं?"

"एक ऑक्टोबर. तिकडच्या संध्याकाळीं पाचाच्या आंत फॉर्मवर सही करून पाठवायला पाहिजे." मग माझ्याकडे बघून, "अम्मा, तूं काय म्हणतेस?"

"तुझी इच्छा गे."

एवढंच म्हटलं. भेंडी मात्र इतकी बारीक चिरली गेली की जेवताना ह्यांनी विचारलं, आज भेंडीची चटणी केलीस का.

४ सप्टेंबर

तंजावरच्या ह्या घरात देवनागरी वाचणारी मी एकटी. हे मराठी बोलतात, लिहायचं झालं की तमिळ. कीर्तनाला समजतं सगळं, पण वाचता येतं ते फक्त स्वतःचं नाव. त्यामुळे वहीला कुलूप लागत नाही आणि खरं लिहायला हरकत नाही.

खरं लिहिते. तिनं जाऊ नये.

'जाऊ नको' असं मी म्हणणार नाही. मी काय जुन्या काळची आहे? पण 'जा' असंही माझ्या तोंडून यायचं नाही. पापनाशमच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलंय मी. शून्य हाही आकडाच असतो. तो धरून बसले आहे.

७ सप्टेंबर, रविवार

आज जेवताना ह्यांनी पुन्हा डायनासोर म्हटलं आणि कीर्तनाचा घास हातातच राहिला. रोज ऐकतो तरी चुकतो आम्ही! एकदा लिहूनच ठेवते.

लायकेनॉप्स डायनासोर नाही. डायनासोर पुष्कळ नंतर आले. हे जनावर सव्वीस कोटी वर्षांपूर्वीचं, दक्षिण आफ्रिकेतल्या दगडांत सापडतं. मीटरभर लांब, पाय जरा उंच, तोंड लांडग्यासारखं — नावाचा अर्थच तो. वरचे दोन सुळे करंगळीएवढे. शिकार करून खायचं. सस्तन नव्हे, पण सरड्यापालींच्या गोत्रातलंही नव्हे. आपल्या बाजूला झुकलेलं. अंगावर केस होते का? माहीत नाही. अंडी घालायचं का? बहुधा. रंग? माहीत नाही. आठ वर्षं संशोधन केलं की 'माहीत नाही' किती ठामपणे म्हणता येतं, ते माझ्या मुलीकडून शिकावं.

"म्हणजे आपला खापरपणजोबा?" ह्यांनी विचारलं.

"नाहीं अप्पा. चुलत घराणं. आपली शाखा वेगळी. ह्यांच्यापुढे कोणीच उरलं नाहीं."

"मग आमच्यासारखंच कीं! मूळ घराणं तिकडे महाराष्ट्रांत, आणि आम्ही चुलत इकडे कावेरीकाठीं सांबारभात खात बसलेले."

"आपण अजून उरलोंत, अप्पा."

"तूं आफ्रिकेला गेलीस तर कोण उरलं?"

हे थट्टेत म्हणाले. मी उठून ताक आणायला गेले. ताक पानातच होतं.

एक गोष्ट मात्र मला त्या जनावराची फार आवडली. सुळा पडला की त्याला नवा यायचा, कितीदाही! माझ्या एका दाढेवर टोपी बसवायला दातांच्या डॉक्टरनं चार खेपा घालायला लावल्या.

१४ सप्टेंबर, रविवार

नवरात्र आठवड्यावर आलं. आमच्याकडे पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात, आणि दर वर्षी कोलूवर एक तरी नवी बाहुली बसायलाच हवी. सासूबाईंपासूनचा नियम. पुराच्या वर्षीसुद्धा त्यांनी मातीचा पोपट आणला होता, चोच नसलेला.

कीर्तना म्हणाली, ह्या वर्षीची बाहुली माझ्याकडून. मला वाटलं संत आंडाळची मूर्ती आणेल, नाहीतर मीनाक्षीच्या लग्नाचा संच. स्कूटरवर मागं बसवून तिनं मला पुन्नैनल्लूरच्या रस्त्यावर विघ्नेशकडे नेलं. तीन पिढ्या बाहुल्या करणारं घर. तिथं फोनवर सांगाड्याचं चित्र काढून त्याच्यापुढे धरलं.

विघ्नेशनं चित्र उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं. तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, ह्याच्यावर मांस कुठाय?"

"मांस तुम्ही घालायचं. मी मापं देते."

"रंग?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

असा खूश झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. आजवर त्याला कुणी कृष्णाचासुद्धा रंग निवडू दिला नव्हता!

परत येताना ती पुढून म्हणाली, "पुढल्या वर्षींची नवी बाहुली तूं एकटी येऊन निवड बरें, अम्मा."

मी ऐकलंच नाही असं केलं. स्कूटरवर वारा असतो, ही एक सोय असते.

१९ सप्टेंबर

करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

बाहुली आली. अंग पोपटी, त्यावर पिवळे पट्टे, ओठ लाल, डोळ्यांत भरतनाट्यमच्या मुलीसारखं काजळ कानापर्यंत. आणि मान? मान वेगळी करून तारेवर तोललेली. जरा धक्का लागला की डुलते! सव्वीस कोटी वर्षांपूर्वीचा शिकारी आमच्या टेबलावर 'हो हो, हो हो' करत बसला आहे.

कीर्तनानं विघ्नेशला फोन लावला. तो बिचारा गोंधळला. त्याचं म्हणणं — तंजावरची बाहुली म्हटल्यावर मान हलायलाच हवी, नाहीतर लोक म्हणतील बिघडलेली विकली. घराण्याचं नाव आहे.

तिनं फोन खाली ठेवला. मग जी हसायला लागली ती जमिनीवर बसली. डोळे पुसून पट्टी आणली आणि सुळे मोजले. "सुळे बरोबर आहेत," म्हणाली, अगदी गंभीरपणे.

हे हसणं तीन वर्षं ऐकू येणार नाही, असं माझ्या मनात आलं. लगेच स्वतःला दटावलं. अजून काही ठरलेलं नाही.

२१ सप्टेंबर, अमावास्या

कोलू मांडला. सात पायऱ्या. खाली ट्रंका, वर फळ्या, त्यावर ह्यांची नेसायची पांढरी वेष्टी. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण पाटबंधारे खातं ह्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. पाण्याची नळी लावून सातही पायऱ्यांची पातळी तपासली. कोलूवरून पाणी सोडायचं असतं तर एक थेंब वाकडा गेला नसता.

मग वाद. लायकेनॉप्सची पायरी कोणती?

नियम साधा आहे. सगळ्यांत खाली भाजीवाले, वाणी, पशुपक्षी. त्यावर माणसं, मग संत, मग देव. सर्वांत वर माझ्या लग्नातली लाकडी बाहुला-बाहुलीची जोडी आणि कलश. जनावर म्हणजे खालची पायरी, विषय संपला. पण हे कमरेवर हात ठेवून म्हणाले, "दशावतारांत बसवूं कीं. कांसव झालं, वराह यायचा आहे. दोघांच्या मधें ह्याची जागा."

आणि कीर्तना — जिनं जन्मात ह्यांचं एक विधान चुका काढल्याशिवाय सोडलेलं नाही — ती म्हणाली, "अप्पा, थोडंफार बरोबर आहे!"

बापलेक माझ्याकडे बघत उभे. मी म्हटलं, दहा अवतारांत अकरावा घुसवायचा असेल तर माझ्यानंतर घुसवा. शेवटी तह झाला. सगळ्यांत खालची पायरी, डाव्या टोकाला, चेट्टियार वाण्याच्या दुकानाशेजारी. आता तो तांदूळ आणि तूरडाळ राखत बसला आहे, आणि वाणी काहीही म्हणाला तरी मान डोलावतो.

२२ सप्टेंबर

पहिला दिवस. नैवेद्याचं सुंडल, हरभऱ्याची उसळ, खारट झालं. कीर्तनाच्या फाइलमध्ये तो फॉर्म आहे, पाहिला. सहीची जागा कोरी आहे. बरं वाटलं.

२४ सप्टेंबर

कामाक्षी मामी आल्या. देवीकडे न बघता सरळ खालच्या पायरीपाशी बसल्या.

"ही याळी कुठल्या देवळांतली गे, रंजना? सोंड कुठाय?"

आता मामींचा तरी काय दोष. देवळाच्या खांबाखांबावर सोंडेची, सुळेवाली दगडी याळी बघत आम्ही सगळे वाढलो. सुळे म्हटले की याळी! मी सांगायला तोंड उघडेपर्यंत मामींनी त्याच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले. धक्क्यानं मान डुलली.

"बघितलंस? स्वीकारलं!"

कीर्तना नुकतीच कॉलेजात शिकवून आली होती. त्रिचीची बस, उभ्यानं प्रवास. दारातूनच तिनं ते कुंकू पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की मी पटकन तिच्या हातात सुंडल दिलं.

२६ सप्टेंबर

मामींनी याळीला विचारलं होतं म्हणे, त्यांच्या मुलाची, नितीनची बदली त्रिचीला होईल का. मान डुलली. काल ऑर्डर आली!

झालं. आज गल्लीतल्या नऊ बायका. कुणाला सून हवी, कुणाला घरातलं भाडेकरू कुटुंब निघून जायला हवं. सगळ्यांना 'हो'. एकीनं मोगऱ्याचा गजरा घातला. वरच्या पायरीवरची लक्ष्मी बिचारी रिकाम्या गळ्यानं बघत बसली. कानामागून आली आणि तिखट झाली!

"अम्मा, हें विज्ञान आहे. तूं त्यांना सांगत कां नाहींस?"

"तूं सांग. शिकलेली तूं."

दुपारी घरात कुणी नव्हतं. कुंकू पुसायच्या निमित्तानं खालच्या पायरीपाशी बसले आणि विचारलं — लिहायला लाज वाटते — विचारलं, कीर्तना इथंच राहील का? बोटानं जरा ढकललं. हो म्हणाला.

मग उगीच विचारलं, जाईल का?

हो!

सव्वीस कोटी वर्षांत एवढंही शिकला नाही. मी कुंकू परत लावून टाकलं.

२८ सप्टेंबर, रविवार

आजचं नीट लिहायचं आहे.

संध्याकाळी चौदा बायका होत्या. कुणीतरी म्हणालं, याळी फक्त सुळ्यांच्या बाजूनं विचारलं तरच पावते. तेव्हा कीर्तना उठली. मला वाटलं आता भांडण. ती कोलूसमोर मांडी घालून बसली, बाहुली मांडीवर घेतली आणि सरळ तिचं डोकं काढून हातात धरलं. बायका मागं सरकल्या.

"मामी, दोन बोटं इथें ठेवा. डोळ्याच्या मागें, कानाच्या पुढें. आतां दात घट्ट आवळा."

चौदा बायका. चौदाजणींची बोटं कानशिलावर, तोंडं मिटलेली. मग कामाक्षी मामी किंचाळल्या, "अय्यो, हलतंय!"

"तो चावायचा स्नायू. ह्याचा पण तिथेंच होता. कवटीला डोळ्याच्या मागें एक भोंक असतं, तिथें. सरड्याच्या घराण्यांत हें वेगळं. तुमच्या-माझ्यांत आणि ह्याच्यांत सारखं. देव म्हणून नक्को, मामी, पाहिजे तर नातेवाईक म्हणून कुंकू लावा."

कुणी हललं नाही. ती सांगत गेली — चालताना पाय अंगाखाली कसे घ्यायचा, सावज कसं धरायचा, आणि पंचवीस कोटी वर्षांमागे सगळा जीवलोक कसा मरायला टेकला आणि त्यात हे घराणं कसं संपलं. अर्धं तमिळ, अर्धं मराठी. सुंडल गार झालं. मामींनी कानशिलावरची बोटं शेवटपर्यंत काढली नाहीत.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला रडू आलं. एकतीस वर्षं वर्ग घेतले, असा वर्ग मला एकदाही मिळाला नाही. आणि ही मुलगी रोज तीन तास बसमध्ये उभी राहून तात्पुरत्या नोकरीत पहिल्या वर्षाच्या पोरांना बेडकाचा सांगाडा शिकवते. लायकेनॉप्सचा त्यांच्या पुस्तकात धडासुद्धा नाही.

फार अभिमान वाटला. आणि मग भीती. कारण इतकं चांगलं येणारं माणूस खालच्या पायरीवर कसं ठेवायचं?

२९ सप्टेंबर

सकाळी हे मोपेडवरून कालव्याचं पाणी बघून आले. कुणी सांगितलेलं नाही, पगार नाही, तरी जातात. कॉफीचा दबरा हातात घेऊन म्हणाले, "तूं तिला कांहीं सांगितलंस कां?"

"तिची इच्छा."

"रंजना, पाणी सोडायचं नसलं तर सोडणार नाहीं म्हणून सांगावं. सोडायचं तर सोडावं. शटर अर्धवट ठेवलं कीं खालचा माणूस नुसता बांधावर बसून राहतो."

"तुम्हाला तिनं जावंसं वाटतं कां?"

त्यांनी कॉफी संपवली, दबरा खाली ठेवला. मग म्हणाले, "नाहीं वाटत. म्हणून काल सांगून टाकलं तिला, जाऊन ये म्हणून."

मला राग आला. मला न विचारता सांगितलं म्हणून की माझ्या आधी सांगितलं म्हणून, कोण जाणे. दबरा इतका घासला की तळ दिसायला लागला.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या सरस्वतीपूजा. आज संध्याकाळीच सगळं देवीपुढे मांडलं. ह्यांची पाण्याची नळी आणि मोजपट्टी. माझं जुनं बीजगणित. घरातली सगळी पुस्तकं, सगळी पेनं. त्यावर लाल रेशीम. एकदा मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही. हे लिहून झालं की ही वहीसुद्धा तिथंच जाणार.

कीर्तनाचा लॅपटॉप ठेवला, त्याला चंदन लावलं. तिची फाइलही ठेवली. फॉर्म आहे ती. टेबलावर वरच होती, हाताला आली म्हणून ठेवली.

हे वाक्य लिहिताना पेन अडखळलं. उद्या एक तारीख, हे मला माहीत नव्हतं का? होतं.

ती साडेसहाला त्रिचीहून आली. पाय धुऊन देवीपुढे उभी राहिली, रेशमाखालून डोकावणारा फाइलचा कोपरा तिनं पाहिला. मी लगेच म्हटलं, "दर वर्षींची रीत आहे कीं, सगळंच ठेवायचं." कुणी विचारलं होतं का मला? चोराच्या मनात चांदणं.

"सरी, अम्मा," म्हणजे बरं, एवढंच म्हणाली, आणि जेवायला बसली.

१ ऑक्टोबर

आज लिहायचं नसतं. पण काल ही वही आणि एक पेन मी रेशमाखाली ठेवलंच नाही, लिहिते आहे. दुपारचे तीन वाजले आणि तिनं अजून फाइल मागितलेली नाही.

२ ऑक्टोबर, विजयादशमी

कालचं लिहिते.

काल तिला सुट्टी होती. सकाळी पूजा झाली, गोड पोंगल खाल्लं. मग काहीच नाही. निजली. उठून माझ्याबरोबर नारळ खवला. केसांना तेल लावून घेतलं. हे माझ्या कानाशी कुजबुजले, "फॉर्म फोनवरसुद्धां भरतां येतो, दोन मिनिटांचं काम. तरी बसली आहे बघ." मला हेच हवं होतं ना? मग मी सारखी घड्याळाकडे का बघत होते?

तिकडचे पाच म्हणजे आपले साडेआठ. सहाला दिवा लावला आणि विचारलं, "कीर्तना, आज तारीख किती?"

"एक."

"मग?"

"फाइल पूजेंत आहे कीं. उद्यां काढूं."

"उद्यां काढून काय उपयोग?"

"तूंच ठेवलीस ना, अम्मा."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. ती नुसती शेंगा सोलत बसली. जी मुलगी लायकेनॉप्सच्या कपाळावरच्या कुंकवासाठी माझ्याशी वाद घालते ती सरस्वतीचा नियम पाळायला बसली आहे! मला तेव्हा स्वच्छ दिसलं. ही रीत पाळत नाही. ही मला पाळते आहे. ही जाणार नाही, आणि उद्यापासून रोज त्याच बसमध्ये उभी राहील, आणि मला एका शब्दानं बोलणार नाही. मी रोज डबा भरून देईन. आम्ही दोघी म्हाताऱ्या होऊ.

सात वाजता उठले. देवीला मोठ्यानं सांगितलं, "आई, चुकले, पदरांत घे," आणि रेशीम उचललं. बीजगणित गडगडत खाली आलं. फाइल ओढून काढली, एक पेन घेतलं — त्यालाही चंदन — आणि तिच्यापुढे शेंगांच्या टोपलीवर फॉर्म ठेवला.

"सही कर."

"अम्मा, आज लिहायचं नसतं."

"मला शिकवूं नक्को. सही कर आणि जाऊन ये."

आलं तोंडून. 'जा' आम्ही कुणालाच म्हणत नाही. निघणाऱ्याला 'जाऊन ये' म्हणायचं, म्हणजे यायची वाट उघडी राहते. एकदा आलं ते थांबेना. जाऊन ये, तीन वर्षं मोज त्या कवट्या, नीट मोज, दोनदा मोज, गणिताच्या बाईची मुलगी आहेस, थंडीचं कान बांध, कुणी डायनासोर म्हणालं तर चिडूं नको. रडत होते आणि बोलत होते. हे दारात येऊन उभे राहिले.

ती माझ्याकडे बघत राहिली. किती वेळ! मला वाटलं आता नाही म्हणते. मग तिनं सही केली, चंदनाच्या ओल्या पेनानं, कागद पिवळा करून. फोनवर फोटो काढला, पाठवला. सात चाळीस. गेला का? गेला. खरंच गेला का? ह्यांना चष्मा लावून दोनदा बघायला लावलं.

मग ती माझ्या गळ्यात पडली आणि हसायला लागली, आणि रडायलाही. मी म्हटलं, हसतेस काय? म्हणाली, कांहीं नाहीं.

आज सकाळी पुस्तकं उचलली. रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं दोन ओळी वाचल्या. तिनं माझं बीजगणित वाचलं. संध्याकाळी एक बाहुली आडवी करून कोलूला निजवतात. तिनं लायकेनॉप्सला निजवलं. आडवा झाला तरी मान डुलतच होती.

४ ऑक्टोबर, शनिवार

बाहुल्या जुन्या वेष्ट्यांत गुंडाळून ट्रंकेत. जोहान्सबर्गहून उत्तर नाही.

हे तासातासाला तिचा फोन मागून घेतात. आज शनिवार, तिकडेही सुट्टी असणार, हे मला कळतं. तरी वाटतं, उशीर झाला असेल तर? सहीवर डाग पडला म्हणून नाकारलं तर? सगळं माझ्यामुळे. लोकांच्या मुली नवऱ्यामुळे, पैशामुळे अडतात. माझी रेशमाच्या फडक्यानं अडली असती.

कीर्तना मजेत आहे. स्वेटरांची चौकशी करते आहे. पोरीला काळजी कशी ती नाही!

६ ऑक्टोबर, सोमवार

उत्तर आलं. ती न्हायला गेली होती, हे मोठ्यानं वाचायला लागले आणि मधेच थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून, हळू. सही केलेलं संमतिपत्र आम्हांला अकरा सप्टेंबरलाच मिळालं आहे, त्याप्रमाणे तुमची सगळी व्यवस्था झाली आहे. तेच दुसऱ्यांदा का पाठवलं ते समजलं नाही.

अकरा सप्टेंबर!

ती ओले केस पुसत बाहेर आली. मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं वाचला, कानापर्यंत लाल झाली.

"त्यांना माझी सही पुरली, अम्मा," म्हणाली. "मला पुरली नाहीं."